कूस बदलण्याचे प्रशिक्षण

महानगरपालिकेला मी लिहिलेल्या पत्रांची पोच बहुतेक वेळा मिळाली, उत्तर क्वचितच मिळाले. तरीही मी लिहीत राहिलो. जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत सारी नोकरी झाल्यामुळे एक गोष्ट अंगात भिनली होती: तोंडी तक्रार हवेत विरते, लेखी तक्रारीला निदान फायलीत जागा द्यावी लागते. ज्या पत्रापासून हे सारे सुरू झाले, ते माझ्या पत्नीच्या पाठीविषयी होते.

अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, आणि आदल्या वर्षीही नव्हता. लष्करी छावणीच्या पलीकडे नव्याने वसलेल्या एका वसाहतीत आम्ही दोघेच राहत होतो. शहर तिथवर पोहोचले होते, जलवाहिनी पोहोचली नव्हती. मालमत्ता कराचे देयक मात्र बिनचूक पोहोचत असे. टँकरच्या पाण्यात स्वयंपाकही भागवायचा आणि आजारी माणसाची स्वच्छताही. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते की दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला व्रण पडतील, आणि एकदा चिघळले की आवरणार नाहीत. मी तिला वळवत असे, पण माझे ते वळवणे म्हणजे ओढणेच होते. तिच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला होता आणि बोटाने दाबला तरी त्याचा रंग बदलत नव्हता; व्रणाची सुरुवात ती हीच.

प्रभागाच्या आरोग्य केंद्रातून मानधनावरची एक सेविका घरी येई. वैजापूरकडची, पस्तिशीची, बोलकी. ती रक्तदाब मोजायची, नोंद करायची आणि निघायची.

"बाई, हिला वळवायला जरा हात लावा," मी एकदा म्हणालो.

"मला नाय जमायचं, काका. शिकवलंच नाय आमाला. काकूंचा हात-बित निखळला तर माझी नोकरी जायची."

तिच्यावर चिडणे सोपे होते. पण दोष होता तो तिला काहीही न शिकवता घरोघरी धाडणाऱ्यांचा. मी लिहिले: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याची योजना आपणच जाहीर केली आहे, नोंद घेणे म्हणजे शुश्रूषा नव्हे, सबब सेविकांना प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यावे आणि मला तेथे उपस्थित राहण्याची परवानगी असावी. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे गेली. अखेर प्रशिक्षण ठरल्याचे सेविकेकडूनच कळले. माझ्या परवानगीबाबत उत्तर नव्हते. नकार कळवलेला नाही, एवढ्या आधारावर मी गेलो.

क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवली जात होती. पहिला विषय हात धुण्याचा. सभागृहाच्या नळाला पाणी नव्हते, म्हणून सगळ्या सेविकांना उभे करून कोरडेच हात चोळायला लावले. भरल्या सभागृहात बायका हवेत हात धूत होत्या आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नव्हते. मग कूस बदलण्याचे चित्र आले, गेले. मागोमाग चहा आला आणि चहामागून प्रमाणपत्रांचा गठ्ठा.

मी उभा राहिलो. "साहेब, या कागदावर 'सक्षम' असे छापले आहे. पुरावा काय?"

आरोग्य विभागाचे अधिकारी हसले. "आजोबा, आपण कोण?"

"ज्याच्या घरी हे प्रमाणपत्र वापरले जाणार आहे, तो."

"चित्रात सगळं दाखवलंय की."

"मग आता करून दाखवू द्या. रुग्ण मी बनतो."

चपला काढून मी व्यासपीठावरच्या टेबलावर आडवा झालो. कपबशा घाईने उचलाव्या लागल्या.

"अगं बया, आजोबा खरंच झोपले!" मागून आवाज आला आणि सभागृहात हशा पिकला.

"उठा हो, पडाल," अधिकारी म्हणाले.

"नागरिकाने येथे आडवे होऊ नये असा नियम दाखवा, लगेच उठतो."

मी डावा हात आणि डावा पाय सैल सोडला आणि आमच्या सेविकेला हाक मारली. ती लाजत आली, तिने माझा डावा हात धरला आणि ओढला. खांद्यातून अशी कळ गेली की मी ओरडलो. हशा थांबला.

शिकवायला बोलावलेल्या सिस्टर तोवर पडद्याशेजारी मुकाट बसून होत्या. त्या ताडकन उठल्या. "हात सोड! लुळा हात कधीच ओढायचा नाही." त्यांनी पदर खोचला. "आधी गुडघा दुमड. एक हात पलीकडच्या खांद्यामागं, एक पलीकडच्या कुल्ह्यावर. उचलायचं नाही, आपल्याकडं लोळवायचं. हां, अस्सं."

मी अलगद कुशीवर आलो.

"लई जड हाय काका तुमी," सेविका धापा टाकत म्हणाली, "पण आले की वो!"

मग रांग लागली. अधिकारी घड्याळाकडे बोट दाखवू लागले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मला शिकवायला बोलावलंय की कागद वाटायला?" तांब्याभर पाण्यात रुग्णाचे अंग कसे पुसून काढायचे, हेही त्यांनी चहावाल्याकडून पाणी मागवून त्याच टेबलावर दाखवले. माझी बनियन भिजली. मी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सेविका पत्नीला वळवू लागली आणि मलाही तिने तयार केले. चट्टा फिकट होत गेला.

आणि मग सेविकेची मुदत संपली. मानधनावरची नेमणूक, नवा करार झाला नाही, कारण कळवले नाही. तिच्या जागी आलेल्या प्रौढ बाईंना पुन्हा काहीच शिकवलेले नव्हते. मी संतापून कागद पुढे ओढला.

"ते लिहिणं नंतर," पत्नी आतून म्हणाली. आजारापासून तिचे शब्द जड झाले होते, पण हुकूम तोच होता. "आधी त्या बाईंना इकडं पाठवा."

पडल्या पडल्या तिने शिकवायला घेतले. "हात नाही ओढायचा. गुडघा दुमडा. घाबरता कशाला, मी काय काचेची आहे?"

बाई घामाघूम झाल्या. "दुखलं का हो, ताई?"

"दुखलं. पुन्हा करा."

त्या बाईंनी दुसऱ्या प्रभागातल्या दोघींना आणले, त्यांनी आणखी कुणाला. पत्नीने एकीलाही पहिल्या खेपेस पास केले नाही. हे कानावर गेल्यावर आरोग्य विभागाने आम्हाला नोटीस धाडली: राहत्या घरी विनापरवाना प्रशिक्षण चालवले जात आहे, खुलासा करावा. इतकी तत्परता त्यांनी माझ्या एकाही पत्राला दाखवली नव्हती.

खुलासा मी दिला नाही. पत्नीच्या नावाने अर्ज तयार केला: आपल्या सेविकांना तयार करणारी प्रशिक्षक या नात्याने तिला मानधन मिळावे, ही नम्र विनंती. तिने मसुदा वाचला, उजव्या हाताने 'नम्र विनंती' खोडले आणि त्यावर वेडेवाकडे 'मागणी' असे लिहिले.

"विनंती कसली? काम करते मी."

मी अर्ज नव्याने लिहून काढला आणि तिने सही केली. उत्तर आले नाही, नोटिशीचेही पुढे कुणी नाव काढले नाही. बायका मात्र येत राहिल्या, आणि तिच्या पाठीवर पुन्हा चट्टा उठला नाही.