उशिरा आलेल्या बाईला कळेल असा कायदा

श्रीमती निर्मलाताई खोब्रागडे यांची माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला वकिलीची सनद मिळून जेमतेम चार महिने झाले होते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून मी अशिलांची वाट पाहत असे, आणि अशील सोडून बाकी सगळे येत. एके संध्याकाळी ताई आल्या. रेल्वेच्या कार्यालयातून सुटून थेट आलेल्या, हातात कागदांचा गठ्ठा. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी राज्य सरकारने कायदा करावा, म्हणून त्यांना मसुदा हवा होता. अट एकच होती. जिला अक्षर येत नाही, तिला तो नुसता ऐकून कळला पाहिजे. मी नव्या वकिलाच्या ऐटीत सांगितलं, की कायदा अशा भाषेत लिहीत नसतात.

“म्हणजे तुले अजून लिहिता येत नाही,” ताई शांतपणे म्हणाल्या. “काही हरकत नाही, शिकशील.”

मी शिकलो. ते शिक्षण कसं झालं, हे ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात सांगण्याचा मान मला मिळाला आहे. त्यात माझी फजितीही सांगावी लागेल, पण त्याला इलाज नाही.

ताईंचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले. ताईंनीही रेल्वेतच कारकुनी केली. गरिबी त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आठ दिवस तापाने पडली की तिची दोन घरं सुटतात, आणि बरी होऊन उठते तेव्हा ती आधीपेक्षा गरीब झालेली असते, हे त्यांनी लहानपणापासून शेजारी पाहिलं होतं. आपण मदत केली तर एक घर सावरतं, कायदा झाला तर सगळी सावरतात, असं त्यांचं साधं म्हणणं. आजारपणात भत्ता आणि म्हातारपणी पेन्शन, हे दोन हक्क त्यांना राज्याच्या कायद्यात हवे होते.

ताईंची काम करण्याची एक रीत होती. दुपारी, सकाळची कामं संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या आत, पंडरी बाजाराच्या मागच्या वस्तीत बायका जमत. ताई मसुद्यातलं एक कलम वाचून दाखवत. मग जी बाई उशिरा येई, तिला ते कलम आधी आलेल्या बाईने आपल्या शब्दांत सांगायचं. सांगताना अडखळली तर दोष कलमाचा, आणि कलम पुन्हा लिहायचं काम माझं. एरवी उशिरा येणाऱ्याला बोलणी बसतात. इथे ताई तिची वाट पाहत. माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते, म्हणून मी घरी चिडत असे. ताईंनी तिला कधी टोकलं नाही, उलट तिला बैठकीत हिंदी मसुदा वाचायला बसवलं.

ताई बोलत तसं वागतही. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला आठवड्याची भरपगारी सुट्टी कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती. एकदा एक मोठे अधिकारी भेटायला आले, तर ताई मोरीत पातेली घासत बसलेल्या. आज बाई आली नाही का, असं त्यांनी सहानुभूतीने विचारलं. आज तिचा हक्काचा दिवस आहे, असं सांगून ताईंनी त्यांना ओल्या हातांनीच बसायला खुर्ची दिली. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन दिवस तिच्या उशाशी ताईच बसून होत्या. मी कोर्टात होतो.

आता माझी चूक. अनेक वर्षांच्या खेपांनंतर सरकार कायद्याला राजी झालं. अधिवेशन तोंडावर आलं होतं. घाईघाईत मी शेवटची कलमं बैठकीत न वाचताच कामगार विभागाकडे पाठवली. मसुदा जसाच्या तसा मान्य झाला. मी पेढे घेऊन ताईंकडे धावलो. ताईंना फार आनंद झाला, पण पेढ्यांचा डबा आणि मसुदा, दोन्ही घेऊन त्या बैठकीला निघाल्या.

मी लिहिलेलं एक कलम असं होतं, की नोंदणीसाठी बाईने मालकाचं प्रमाणपत्र जोडावं. मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. वकिलाला पुरावा लागतो. तिथे बुधारीनबाई होत्या, पाच घरची भांडी घासणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि छत्तीसगढीत म्हणाल्या, “मालकिन ह लिख के देतिस, त मोला तुंहर कानून के का जरूरत रहितिस?” मालकीण लिहून देणारी असती, तर मला तुमचा कायदा लागलाच कशाला असता?

पेढ्यांचा डबा तसाच राहिला. मी ताईंना विनवलं, की आत्ता मिळतंय ते पदरात पाडून घेऊ, दुरुस्ती पुढे करू. हे अधिवेशन गेलं तर पुन्हा संधी येईल न येईल. ताईंनी बायकांना विचारलं. बायका म्हणाल्या, थांबू.

दुसऱ्या दिवशी ताईंनी विभागात जाऊन स्वतःचाच मसुदा परत मागितला. अधिकारी चकित झाले. ताई म्हणाल्या, “साहब, जिसके डर से कानून माँग रहे हैं, उसी के दस्तखत लाएँ?” अधिवेशन गेलं. आमच्यातल्याच काहींनी ताईंना हट्टी म्हटलं. मीही महिनाभर त्यांच्याकडे फिरकलो नाही, हे आज सांगताना लाज वाटते. शेवटी ताईच माझ्या घरी आल्या.

“काहून रुसून राहिला?” त्या म्हणाल्या. “चूक तुझी, तर दुरुस्त करायचा मानही तुझाच.”

नवं कलम बैठकीतच लिहिलं. बाईचं स्वतःचं निवेदन आणि सोबत काम करणाऱ्या दोघींची साक्ष, एवढं पुरे. पुढच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला, या कलमासकट. प्रेक्षकांच्या सज्जात ताई पांढऱ्या सुती साडीत ताठ बसल्या होत्या आणि बुधारीनबाई शेजारी. आम्ही जिंकलो होतो. एवढा आनंद मला माझ्या एकाही खटल्याने दिलेला नाही.

आणि तरी खरी जीत नंतरची. बुधारीनबाईंचा हात मोडला. भत्त्यासाठी त्या एकट्याच कार्यालयात गेल्या. बाबूने सवयीने मालकाचा कागद मागितला. बुधारीनबाईंनी त्याला कलमाचा क्रमांक सांगितला, मग सगळं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. “ए धारा ह मोर आघू म बने हे, बाबू. पढ़ के देख ले.” माझ्यासमोर बनलंय हे कलम. बाबूने वाचलं आणि अर्ज घेतला. बुधारीनबाईंची त्या महिन्यात एकही वेळ उपाशी गेली नाही. हे ऐकलं तेव्हा ताई रडल्या. आम्हीही रडलो.

ताई, आता बांधकामावरच्या मजूर बायकांचा मसुदा तयार होतो आहे. शहराबाहेरच्या अभनपूरपासून बायका वाचनाला येऊ लागल्या आहेत. आपली प्रकृती उत्तम राहो, डोळे आणि गुडघे साथ देवोत, शंभरी आपण चालत ओलांडावी. आणि तोवर आमचे मसुदे असेच परत मागून आणत राहावेत.