उजव्या बैलाच्या अंगाची खिडकी

मी पदवीधर झालो तो अक्कामुळं. अक्का माझी थोरली बहीण. दुबलगुंडीच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पाहिली नव्हती. माझ्या वाट्याची गुरं आणि कुळवणी अक्कानं लग्न होईपर्यंत स्वतःच्या अंगावर घेतली, म्हणून अप्पांनी मला हुमनाबादच्या शाळेत राहू दिलं.

मॅट्रिक होऊन मी हैदराबादला कॉलेजसाठी निघालो, तेव्हा ती सासरी होती. तिचं शेत बिदरच्या पुढं, पठार उतरतं तिथं, रुळाला लागून. तान्ह्या लेकराला घेऊन बिदरला किंवा त्यांच्या लांबच्या स्टेशनावर येणं तिला तेव्हा जमणार नव्हतं. तिनं निरोप धाडला, "मी बांधावर उभी राहते. उजव्या बैलाच्या अंगाला बघ. तुला आगीनगाडीत बसलेलं एकदा डोळ्यांनी बघू दे."

आमच्याकडं उजवं-डावं जुंपलेल्या बैलांवरूनच सांगतात. मी बिदर स्टेशनावर तासभर आधी येऊन उजव्या हाताची खिडकी धरली आणि कोळशाची कणी डोळ्यात जाऊ नये म्हणून इंजिनाकडं पाठ करून बसलो.

गाडीत मी पहिल्यांदाच बसत होतो. तांबडं माळरान मागं सरकू लागलं. जांभ्या दगडाच्या कड्यांवर सीताफळीची झुडपं होती आणि खाली, फार खाली, काळ्या रानाचे तुकडे. दरीतली मेंढरं ज्वारी सांडल्यासारखी दिसत होती. वळणावर आमच्याच गाडीचा शेवटचा डबा दिसला, तेव्हा मला उगाच हसू आलं.

समोरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय हुडकायलास बाबा?"

"आमची अक्का बांधावर उभी राहणार हाय. उजव्या बैलाच्या अंगाला."

"मग हिकडं कामून बसलास?"

"हा उजवा हात न्हाई का?"

"तुझा उजवा! बैल कुणीकडं जुंपल्यात? तिकडं, इंजिनाच्या अंगाला! तू तर जुवाकडं पाठ करून बसलास!"

डबा खदखदून हसला. मी मॅट्रिक झाल्याचं मघाशीच डब्यात सांगून बसलो होतो. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "मॅट्रिक झालाय व्हय? घरच्या गाडीत बी असाच बसतोस का रं?"

"हसायलाव काय, वाट द्या की लेकराला!" म्हाताऱ्याशेजारी बसलेल्या त्याच्या म्हातारीनं नवऱ्यासकट सगळ्यांना दटावलं.

गाठोडी उचलली गेली, कोंबड्यांची पाटी कुणाच्या तरी मांडीवर गेली आणि मला पलीकडच्या खिडकीत ढकललं. बांध समोर आलाच होता. हिरव्या लुगड्यातली अक्का, कडेवर बाळ. ती पुढचे डबे एकेक करून निरखत होती. मी "अक्का!" म्हणून ओरडलो, चाकांच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही. म्हाताऱ्यानं पटका सोडून बाहेर फडकावला. मग त्या अंगाच्या प्रत्येक खिडकीतून हात निघाले. अक्का हसली आणि तिनं बाळाला उंच धरलं. मी तिला दिसलो की नाही, ते कळायच्या आत झाडं आडवी आली.

हैदराबादला पोचल्यावर मी तिला लिहिलं:

"अक्का, सुखरूप पोचलो. कॉलेजात नाव लागलं. तुला आणि बाळाला मी नीट पाहिलं. मी तुला दिसलो का? हात हलवणारे पुष्कळ होते. त्यांतला पांढऱ्या टोपीचा तो मी. दाजींना सांगून मास्तरांकडून चार ओळी लिहवून धाड. दिसलो नसेन तरी वाईट वाटून घेऊ नकोस. दसऱ्याला याच गाडीनं येतो. तेव्हा बांधावर थांबू नकोस, बाळाला घेऊन तुमच्या स्टेशनावर ये. बिदरपर्यंत आपण संगं जाऊ, तिथून घरी. खिडकीत तू बस."