आष्ट्याच्या लाइनवर आलेलं नाव

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर तोंडावर हसत आलोय. अंगारे, उतारे, दारावर लिंबू-मिरची... बायको करायची आणि मी चिडायचो. माझा विश्वास फक्त गणितावर. आणि मला ज्यानं घाबरवलं ते गणितच होतं — म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसलो.

१९७१ चा डिसेंबर, लढाई चालू होती. मी सांगलीच्या तारघरात नोकरीला. पुण्याहून तारा टेलिप्रिंटरवर यायच्या. त्याचा वेग पन्नास बॉड, म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके. एका अक्षराला साडेसात ठोके लागतात, म्हणजे मिनिटाला चारशे अक्षरं, धरा सहासष्ट शब्द. पण आष्ट्याला मशीन नव्हतं. तिकडे अजून जुनी मोर्सची कळ, कड्डकट्ट! माझा हात मिनिटाला वीस शब्दांचा. बावीस शब्दांची तार यायला वीस सेकंद, पुढे जायला एक मिनिट सहा सेकंद. असले हिशेब करायची मला खोडच होती. शेजारी टेलिप्रिंटरवर बसणारा जाधव म्हणायचा, "अरं, बायकोशी बोलताना पण शब्द मोजतोस काय?"

आष्ट्याच्या कळीवर नाना. माझ्याहून वयानं बरेच मोठे. प्रत्यक्ष भेटलो असेन दोन-तीनदा, पण त्यांचा हात रोज ऐकायचो. शेवटचा ठोका जरा ओढायची त्यांची लकब, हजारात ओळखला असता. त्यांचा एकुलता एक मुलगा, संपत, फौजेत होता. सकाळी लाइन सुरू झाली की इंग्रजी अक्षरांत त्यांचं मराठी यायचं, "काय आलं का रं?"

"न्हाई, नाना."

"बरं झालं गड्या." मग कामाला लागायचो.

आमच्यात एक रीत होती. तार घेतली की घेणाऱ्यानं तिचा नंबर, शब्दांची संख्या आणि नाव उलट वाजवून दाखवायचं, म्हणजे चूक राहत नाही. देणारा ज्या वेगानं देईल त्याच वेगानं नाना उलट वाजवायचे. तो त्यांचा अभिमानच होता.

त्या दिवशी दुपारी दोनला मी डबा खाऊन बसलो होतो. आष्ट्याची लाइन वाजायला लागली. हात नानांचा, शंकाच नाही. पण इतका सावकाश, की मला वाटलं म्हातारा झोपेत आहे की काय. सवयीनं पेन्सिल उचलून चिठ्ठीवर उतरवायला लागलो. तारेचा नंबर. मग शब्द — बावीस. मग नाव. पहिलं अक्षर एस, म्हणजे तीन टिंबं. चार पडली. मग चूक झाल्याची खूण, आठ टिंबं. मग पुन्हा तीन, नीट. पुढे ए, एम... संपत. मागोमाग बापाचं नाव, आडनाव. आणि शेवटचा ठोका पडला तो उठेचना. कळ दाबून धरल्यासारखी लाइन मुकी झाली. मिनिटभरानं सुटली.

अहो, उलट वाजवायचं ते तार मिळाल्यावर! मी तर त्यांना काहीच दिलं नव्हतं.

"जाधव, ऐकलंस?"

"आष्टा वाजतंय. त्यात काय नवीन?"

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. मी आष्ट्याला हाक मारली. उत्तर नाही. मारत राहिलो. अडीचला नाना लाइनवर आले. "जेवायला घरी गेलतो. आत्ता कुलूप काढतोय. का रं?"

काही नाही, म्हणालो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली. मी, आयुष्यात कधी देवळात न गेलेला माणूस, टेबलाखाली हात जोडून बसलो. असलं काही नसतं, असलं काही नसतं, एवढंच घोकत होतो.

पावणेतीनला टेलिप्रिंटर सुरू झाला. वीस सेकंद. जाधवनं कागद फाडला, वाचला आणि माझ्यापुढे ठेवला. खिशातली चिठ्ठी काढायचा धीर होईना. काढली. तोच नंबर. बावीस शब्द. संपत.

"दुसऱ्या कुणाला तरी बसवा म्हण तिकडं," जाधव म्हणाला.

दुसरं होतंच कोण! तार घेणारे तेवढे नानाच. आणि ही बातमी मिनिटभरात त्यांच्या कानात ओतायची, हे माझ्यानं होईना. मी ठरवलं, सावकाश द्यायची. शेवट जितका लांबेल तितका वेळ त्यांचा मुलगा त्यांच्यापुरता जिवंत राहील. एका-एका अक्षराला थांबत मी ती तार दिली. घड्याळ लावून सांगतो, पाच मिनिटं लागली.

मग नाना उलट वाजवायला लागले. एवढं ऐकूनही रीत सोडली नाही त्या माणसानं. नंबर. बावीस. मग तीनऐवजी चार टिंबं... आठ टिंबं... पुन्हा तीन. शेवटचा ठोका पडला आणि उठला नाही.

आणि वेग? तोच. दोन वाजता जो ऐकला होता, अगदी तोच रडतखडत वेग. सावकाश द्यायचं मी ठरवलं पावणेतीननंतर. मग दोन वाजता कुलपात बंद असलेल्या खोलीतली कळ माझ्या वेगानं कशी वाजली? त्या दिवसानंतर मोर्सच्या कळीला मी हात लावला नाही, बदली मागून घेतली.

महिनाभरानं आष्ट्याला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी शेजारी टेकलो. मग म्हणाले, "नाव यायच्या आधीच मला कळलं हुतं रं. तुझा हात कवा असा जड नसतो. पाच मिन्टं लय लांब गेली गड्या. भरभर द्यायची हुतीस."

चिठ्ठी तेव्हाही माझ्या खिशात होती. ती दाखवायची हिंमत झाली नाही. आता नाना नाहीत. चिठ्ठी आहे, पेन्सिल पुसट झालीय, आकडे वाचता येतात. मी आजवर पुष्कळ गणितं सोडवली. हे एक सुटलेलं नाही.