कारपूल लेनमधली आत्या

अमेरिकेतला टेलिव्हिजन खुद्द अमेरिकन माणसापेक्षा जास्त कुणाला कळत असेल तर तो माझ्या कारपूलवाल्या मित्राला, असं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांचं मत होतं. आणि ते त्यानेच घरोघर फिरून बनवलेलं होतं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. तो नागपूरचा, मी पुण्याचा. आमची ऑफिसं एकाच रस्त्यावर होती आणि फ्रीवेवरच्या कारपूल लेनमध्ये शिरायला गाडीत निदान दोन डोकी लागतात, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री सुरू झाली. दुसरं डोकं म्हणून मी त्याच्या गाडीत बसलो आणि पुढची दोन वर्षं रोज सकाळी पाऊण तास त्या डोक्याचे फक्त कान वापरले. "अबे, ती वखारवाली सिरीयल नाही बघत तू? मग संध्याकाळी घरी करतो काय?" हे त्याचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. मी अजून नावही सांगितलं नव्हतं.

शिफारस करायला त्याला स्थळकाळाचं बंधन नव्हतं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभा असला की पुढच्या माणसाला एक आणि मागच्याला एक अशा दोन मालिका सांगून मगच द्रोण हातात घेई. ड्रिल मशीन मागायला आलेला शेजारी ड्रिल विसरून मालिकेचं नाव आणि वार घेऊन परत जाई. बरं, सगळ्यांना एकच औषध असंही नाही. ज्याच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या असतील त्याला तुरुंगावरची मालिका, ज्याला नोकरीची धास्ती त्याला वादळात सापडलेल्या बोटीवरची. वर वैद्याने पथ्य सांगावं तसं, "पहिले दोन एपिसोड जरा कडू जातील, पण सोडू नको बे." आणि सांगून गप्प बसेल तर तो कसला! आठवड्याने परीक्षा घेई. मी एकदा न बघताच "बघितली, झकास आहे" असं ठोकून दिलं. त्याने शांतपणे विचारलं, "तो कुत्र्याचा सीन कसा वाटला?" मी म्हटलं, "अंगावर काटा आला." तो म्हणाला, "त्यात कुत्राच नाही." पुढे कधीतरी मी ती मालिका खरोखरच पाहिली. त्यात कुत्रा होता. पण तोवर मी महिनाभर माफी मागून मोकळा झालो होतो.

त्याची सगळ्यात लाडकी मालिका मात्र ती वखारीची. बाप मेल्यावर लाकडाच्या वखारीसाठी भांडणारे तीन भाऊ, एवढंच तिचं कथानक. पण तो ते सांगायला लागला की व्हर्माँटच्या बर्फातून थेट आपल्याकडची भाऊबंदकी उभी राही. थोरला घुम्या, मधला बायकोच्या मुठीत, धाकटा तालेवार आणि उधळ्या. आणि या सगळ्यांना पुरून उरणारी बापाची विधवा बहीण, म्हणजे आत्या. निळा स्वेटर, हातात झाडांना पाणी घालायची झारी, गुडघ्यांनी जेरीला आलेली, पण वाटणीच्या कागदावर सही करायला काही केल्या तयार नाही. त्या आत्याने आख्खं फ्रीमाँट जिंकलं. आमच्या शेजाऱ्याची आई पुण्याहून आलेली होती. या काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता, त्या दर सोमवारी संध्याकाळी त्याची गाडी अडवून विचारत, "काय रे, आत्याच्या गुडघ्याचं काय?"

पण त्याची खरी श्रोती वेगळीच होती. त्याची बायको एका हॉस्पिटलात रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीची उमेदवारी, करत होती. तीस-तीस तासांची ड्यूटी करून घरी यायची ती अक्षरशः ताटावर डुलक्या घेत. घास हातात, हात हवेत आणि डोळे मिटलेले. म्हणून स्वयंपाक तो करायचा आणि ती जेवेपर्यंत जागी राहावी म्हणून समोर बसून मालिका सांगायचा. भाजी संपेपर्यंत धाकट्याचं लफडं, भाताला आत्या. "आत्या आली की ती डोळे उघडते," असं त्याने एकदा मला सांगितलं, आणि मग उगाचच आरसा नीट केला. त्या एका वाक्यावर मी त्याच्या सगळ्या परीक्षा माफ केल्या.

एका रविवारी सर्दीने मी घरात अडकलो आणि ती मालिका एकदाची लावली. भाऊ तीन होते, वखार होती, बर्फही होता. आत्या नव्हती. वाटलं, येईल पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या रविवारी ती आली आणि मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. निळा स्वेटर, झारी, लंगडत चालणं, सगळं तंतोतंत. फक्त ती मालिकेत नव्हती, मधल्या जाहिरातीत होती. सांधेदुखीच्या गोळीच्या. ती बागेत फिरत होती आणि मागून एक गंभीर आवाज या गोळीने काय काय होऊ शकतं ते भराभर वाचत होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या घरात टीव्ही हॉलमध्ये आणि शेगडी भिंतीला. हा पोळ्या लाटत पाठमोरा उभा राहणार, कुकरची शिट्टी झाली की गॅस कमी करताना वळून बघणार, जे दिसेल ते मागच्याला जोडणार. आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं टीव्हीवर कोण विकतं? त्यामुळे बागेतली बाई ही नात्यातलीच असणार, हे त्याने धरूनच चाललं होतं.

मी कुणालाही बोललो नाही. पण काकूंनी घात केला. त्यांचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं आणि त्याच आठवड्यात मालिकेचा शेवटचा भाग होता. "आत्याला एकदा डोळ्यांनी बघू दे, मग मी सुखाने जाते," असं त्यांनी जाहीर केलं. झालं, सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं, आणि तेही माझ्या हॉलमध्ये. डॉक्टरवहिनींनी त्यासाठी ड्यूटी बदलून घेतली. दहा माणसांत फजिती झाली तर तो हसण्यावारी नेईल, पण बायकोसमोर? जिच्यासाठी त्याने ही आत्या एवढी जपली, तिच्यासमोरच त्याची आत्या औषधाच्या जाहिरातीतली निघणार होती.

तो रविवार उजाडला. वहिनी पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारी, हा हातात बटाटेवड्याची प्लेट घेऊन टीव्हीच्या बरोब्बर समोर. आयुष्यात पहिल्यांदा पाठीमागे कुकर नाही, हातात लाटणं नाही. पहिला ब्रेक मोटारींवर निभावला. दुसऱ्यात काकू किंचाळल्या, "अगंबाई, आली! निळा स्वेटर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो गंभीर आवाज सुरू झाला, गोळीचं नाव पडदाभर आलं, आणि टाळ्या एकेक करून थांबल्या. त्याच्या हातातला वडा तसाच राहिला. इतका उतरलेला त्याचा चेहरा मी त्याच्या ऑफिसात माणसं कमी केली तेव्हाही पाहिला नव्हता.

"काय म्हणतोय गं तो माणूस?" काकूंनी विचारलं.

"तो डॉक्टर आहे काकू," वहिनी म्हणाल्या, "आत्याच्या गुडघ्याचं सांगतोय." आणि नवऱ्याकडे वळून, ताटावर बसल्यासारख्या मांडी घालून, "हं, सांग ना. केली का तिने सही?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "सही?" तो हळूच म्हणाला. मग घसा साफ केला. "आत्या? अबे, जीव देईल पण सही नाही करणार!" कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावरच्या त्या तीन भावांचं शेवटी काय झालं हे आमच्यापैकी कुणालाच आजतागायत माहीत नाही. काकूंनी मात्र डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी समाधानाने बॅग भरायला घेतली.

प्लेटा आवरताना मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. चक्कर, मळमळ, तोंडाला कोरड, सगळे साइड इफेक्ट्स त्याच क्रमाने सांगितले याने. मी तीच गोळी लिहून देते, भाऊजी."

"मग बोलला का नाहीत?"

"हॉस्पिटलात दिवसभर खरं तेच ऐकते आणि खरं तेच सांगते," त्या म्हणाल्या. "घरी एक आत्या असली तर काय बिघडलं?"

बिघडलं ते त्याचं. त्या आठवड्यात त्याने जाहिराती गाळून दाखवणारं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं, टीव्ही शेगडीसमोर हलवला आणि तो अचूक झाला. आता तो मालिका सांगायचा ती मीटिंगच्या टिपणासारखी. नावं बरोबर, क्रम बरोबर, कुत्रा असला तर कुत्रा. त्याच्या शिफारशी लोकांना पहिल्यांदाच पटू लागल्या आणि पहिल्यांदाच कुणी त्या मागेनासं झालं. वहिनी पुन्हा ताटावर डुलक्या घेत असल्याचं त्यानेच सांगितलं, पण त्याचं कारण काही त्याला सुचलं नाही. मला सुचलं होतं, तरी मी बोललो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग वहिनींना ओहायोत डब्लिनला नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीसारखे निघालो. तो घर हलवणाऱ्या ट्रकविषयी बोलत होता. मी मध्येच विचारलं, "आत्याचं पुढे काय झालं?"

"कोण आत्या? ती जाहिरात होती बे."

"ते माहितीये. तिचं पुढे काय झालं?"

बाजूच्या लेनमधल्या गाड्या पुढे जात राहिल्या. त्याने माझ्याकडे एकदा वळून बघितलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मी करत नव्हतो.

"आता तुला म्हणून सांगतो," तो म्हणाला, आणि गाडी आपोआप हळू झाली. "तिने सही नाही केली, इथपर्यंत तुला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी थोरल्याची बायको डबा घेऊन तिच्या दारात उभी..."

आमच्या ऑफिसांकडे वळायची एक्झिट उजव्या हाताला येऊन मागे गेली. मला ती दिसली होती. "डब्यात काय होतं?" मी विचारलं.