दोन कोटी वर्षांचा मासा

जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती ओल्या मातीत दाबून पाहिल्याशिवाय माझ्या थोरल्या दिरांना, नानांना, चैन पडत नाही. नानांचा उभा जन्म धुळ्यात, देवपुरातल्या एका गाळ्यात, लोकांच्या दातांच्या कवळ्या तयार करण्यात गेला. गाळा बंद केला, पण प्लास्टरची पोती घरी आली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलनीतली पोरं जमवून नाना जीवाश्म करू लागले. मातीच्या चपट्या गोळ्यात शंख, पानं, मेलेला नाकतोडा, काय हाती लागेल ते दाबायचं, ठशात प्लास्टर ओतायचं आणि वाळलं की उकळलेल्या चहापत्तीचं पाणी चोळायचं. झाला पुराणकाळ! एकदा नवा जावई जेवायला बसलेला असताना त्याच्या चपलेचा ठसा घेतला. जावई चिखलाची चप्पल घालून परत गेला, आणि नाना पोरांना "राक्षसाचं पाऊल" दाखवत बसले. माशाचा काटा हवा म्हणून पांझरा नदीच्या काठी मासेवालीकडे गेले, तेव्हा आमच्या शुद्ध शाकाहारी जाऊबाईंनी दिवसभर अबोला धरला.

तोच मासा पुढे नडला.

वाळलेले जीवाश्म नाना अंगणातल्या वाळूच्या ढिगात पुरत आणि पोरांना जुन्या ब्रशांनी उकरायला लावत. बहुतेक पोरांना हा खेळ आहे हे ठाऊक असे. शेजारची ओवी मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच आली होती. आठ वर्षांची, बोलायला कमी, सगळं खरं धरणारी. वाळूतून मासा निघाला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांत जपून धरला.

"नाना, हा खरा आहे?"

"मंग! दोन कोटी वरीसना शे हाऊ मासा!" नाना ठसक्यात अहिराणीत म्हणाले.

"देवाशप्पथ?"

मी ओट्यावर शेंगा सोलत होते. मला वाटलं, आता हसतील आणि सांगतील. पण पोरीचा चेहरा असा उजळला होता की नाना म्हणाले, "देवाशप्पथ."

शाळा उघडल्यावर ओवीनं तो मासा रुमालात गुंडाळून वर्गात नेला. बाईंनी नखानं खरवडला, आतून पांढरं प्लास्टर निघालं आणि वर्ग हसत सुटला. संध्याकाळी ती दारात आली. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच विचारलं. नाना "हो" म्हणाले. मासा पायरीवर ठेवून ती गेली.

त्या रात्री नाना जेवले नाहीत. पुढच्याच आठवड्यात इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेले, मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि ओवीच्या वर्गासमोर उभे राहिले. "तिनं मला शपथ घालून विचारलं होतं. खोटं मी बोललो. हसायचं तर मला हसा," म्हणाले. मग सगळ्या वर्गाकडून जीवाश्म करून घेतले. पोरं खूश, बाई खूश. ओवीनंही एक शंख केला, "थँक्यू" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. घरी येऊन नाना मला म्हणाले, "रडली असती तरी बरं होतं गं."

यंदाच्या सुट्टीत ती पुन्हा अंगणात आली, धाकट्या बहिणीला सोडायला. नानांनी लगबगीनं पाट सरकवला. "ये ना, तुलाही माती देतो."

"नको, मी मोठी झाले आता," ओवी शांतपणे म्हणाली. मग बहिणीकडे वाकून तिनं समजावलं, "हे खोटे असतात हं. पण करायला मजा येते."

"हो, हो, खोटेच," नाना घाईनं म्हणाले.

ओवी फाटक लावून घराकडे निघाली. धाकटी तळहातावर मातीचा चपटा गोळा घेऊन, "नाना, ओता ना," म्हणत होती. नाना वाडगं धरून रस्त्याकडे पाहत राहिले, आणि वाडग्यातलं प्लास्टर तिथेच घट्ट झालं.