ऑस्करच्या जोडीला फ्लॉवरहॉर्न

अमरावतीला आमच्याच गल्लीत राहणारा हा माणूस हळू आवाजात, शब्द मोजून बोलतो. मी हॉलमध्ये सहा फुटी फिश टँक बसवून त्यात ऑस्कर जातीचा मासा सोडला, तेव्हा तो न बोलावता आला. "भाऊ, यासंगं फ्लॉवरहॉर्न ठेवा. दोघंबी मोठे, कोनी कोनाले खात नाई."

दुकानदार नको म्हणत होता. फ्लॉवरहॉर्न भांडखोर, दुसऱ्या माशाला टिकू देत नाही, असं तो सांगत होता. पण याच्या घरी कित्येक वर्षांपासून मासे आहेत, म्हणून मी याचं ऐकून फ्लॉवरहॉर्न आणला.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. खुर्ची टँकसमोर ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा. एकदा ऑस्करची शेपटी फाटलेली दिसली आणि मी घाबरलो. तो मात्र काचेजवळ सरकला. "जमून राह्यलं त्याईचं. पाहा तुमी."

पुढे एकदा त्याच्या घरी जाणं झालं. त्याच्याही टँकमध्ये हेच दोन मासे होते, पण दोघांच्या मध्ये जाड काच उभी केलेली होती.

"तुम्ही काहून वेगळे ठेवले?" मी विचारलं.

"माह्या माशायचं अलग हाय," तो शांतपणे म्हणाला.

मी त्याच दिवशी फ्लॉवरहॉर्न दुकानात परत देऊन आलो. संध्याकाळी तो आला. एकट्या ऑस्करकडे त्याने उभ्यानेच पाहिलं.

"मंग आता मी काय पाह्याले येऊ?" म्हणाला आणि निघून गेला.

आता मागच्या गल्लीत कुणीतरी मोठा टँक आणलाय. संध्याकाळी तो तिकडेच जाताना दिसतो.