हात वाचवायचे मोजे

हातमोजा हातात दिला की ते आधी तो उलटा करायचे. एकेक बोट आतून बाहेर काढायचं, अस्तराची शिवण अंगठ्यानं चाचपायची, मग दाराच्या उजेडात नेऊन डोळे बारीक करून बघायचं. मी म्हणायचो, "मामा, घालून तर बघा." त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "भाईरून समदेच चांगले दिसतेत, शेठ. आतून बघू द्या."

हिंगोलीत माझं सायकलचं दुकान आहे. वडिलांच्या काळात तिथं काळ्या दांडीच्या सायकली आणि पंक्चरचं काम, एवढंच असायचं. मग गावातले डॉक्टर, शिक्षक आणि कॉलेजची पोरं सकाळी गिअरच्या सायकली घेऊन माळावर जायला लागली, तसा मीही जाड टायरच्या सायकली, हेल्मेट, हातमोजे ठेवायला लागलो. असं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. गिऱ्हाईक येतं, रंग बघतं, मूठ दोनदा उघडझाप करतं आणि जोडी उचलतं. मीही तशीच विकत होतो. हातमोज्यात आणखी काय बघायचं असतं, हे मला दुकानदाराला माहीत नव्हतं.

ते पहिल्यांदा आले ते बाजाराच्या दिवशी. पन्नाशी उलटलेली, अंगात पांढरा शर्ट, पँटचे पाय रबर बँडनं बांधलेले. वसमतच्या कुण्या डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली आणि महिन्याभरात अडगळीत टाकलेली सायकल त्यांनी मिळवली होती. ती दाराशी लावून ते आत आले आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्या हातांना मोजे पायजेत. डोंगराच्या रस्त्याला चालतील असे."

मी हात पाहिले. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. उजव्या हाताची बोटं सरळ होती, पण तळव्याच्या बाहेरच्या कडेला जुन्या जखमांचे पांढरे वण होते.

"मला महारोग झाला व्हता," ते म्हणाले. जसं कुणी कुरुंद्याचा आहे म्हणून सांगावं, तसं. ते कुरुंद्याचेच होते. "बरा झालो. पण ह्या दोन-दोन बोटांत आन् ह्या कडंला काही कळत न्हाई. चटका बसला, फोड आला, काटा गेला, हात मला सांगतच न्हाई. सायकलवर समदा भार नेमका ह्याच कडंवर येतो."

त्यांनी पाच-सहा जोड्या उलट्या करून पाहिल्या, दोन घातल्या, एकही घेतली नाही, आणि निघाले. ते पायरी उतरले तसा मी त्यांनी घातलेल्या दोन्ही जोड्या कडेला धरून खालच्या खोक्यात टाकल्या आणि ओल्या फडक्यानं काउंटर पुसायला लागलो. टोपी विसरली म्हणून ते परत आले. मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्यांनी टोपी उचलली. "तुमाला माहीत नसंल म्हणून सांगतो," ते म्हणाले. "गोळ्या पुऱ्या घेऊन तीस वर्सं झाली. माझ्या घरात तीन लेकरं वाढली, बायको हाय, कोणाला काही झालं न्हाई. त्या जोड्या ठेवा स्टँडवर, खराब न्हाई झाल्या." आवाजात राग नव्हता. पुढच्या आठवड्याला येतो म्हणाले. मला वाटलं, येणार नाहीत.

आले. आठवडाभर डोंगरकडा गावात एका खोलीत राहायचे आणि आठवड्यातून एकदा अहवाल द्यायला हिंगोलीला यायचे. आरोग्य खात्याच्या कामावर ते मानधनावर होते. डोंगरात मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांच्या वस्त्या आहेत, जिथं जीप जात नाही. तिथं घरोघर जायचं, कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे का ते बघायचं, असेल तर दवाखान्यात आणायचं. मोटरसायकलचा क्लच डाव्या हातानं दाबला जात नव्हता, म्हणून सायकल. साहेब म्हणाले होते, जवळची चार गावं करा, तेवढी पुरे. ह्यांचं म्हणणं, रोग काय रस्ता बघून राहतो का?

मग दर आठवड्याला आमच्या दुकानात त्यांची परीक्षा चालायची. हातमोजे घालायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, समोरच्या घड्याळात पंधरा मिनिटं मोजायची, मोजे काढायचे आणि तळवे उजेडात धरून लाल कुठं झालंय ते शोधायचं. शिवण टोचत असेल तर तिथं रेघ उमटायची. घट्ट असेल तर बोटांच्या बेचक्यात लाली यायची. आपल्याला जे कातडी सांगते ते त्यांना डोळ्यांनी वाचावं लागायचं. ते बसलेले असताना गिऱ्हाईक आलं तर त्यालाही सल्ला मिळायचा. "जेलची गादी मधात हाय ह्याच्यात. भार कुठं येतो तुमचा? कडंला. मंग मधली गादी काय उशाला घेता का?" लोकांना ते माझे नोकर वाटायचे. एकदोघांनी त्यांच्याकडं हवा भरायला सायकल दिली, आणि त्यांनी ती भरूनही दिली.

अर्ध्या बोटांचे मोजे त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केले, कारण पायवाटेला घाणेरी आणि बाभळी अंगावर येतात. जाड कातड्याचे वाकत नव्हते, ब्रेकवरचं बोट निसटायचं. एक जोडी जवळजवळ जमली होती, पण डाव्या हाताची वळलेली बोटं तिच्यात जाईनात, जोर लावला तर सांध्यांवर घासायला लागली. "ह्या मोज्याची चूक न्हाई," ते म्हणाले आणि ती नीट सरळ करून परत दिली.

तोवर मला त्यांची काळजी वाटायला लागली होती. एके दिवशी मी मागवून ठेवलेले काळे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे मोजे पुढं केले. म्हणालो, "मामा, हे घाला. हात कुणाला दिसणारच नाहीत. वस्तीत गेलं तरी कुणी काही विचारणार नाही."

त्यांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत. "शेठ, हात लपवायला न्हाई आलो मी. वाचवायला आलो. लपवायचेच असते तर खिसे काय कमी हायेत?" त्या दिवशी ते लवकर गेले. मी बराच वेळ ते काळे मोजे घडी घालत बसलो.

शेवटी माझ्या बायकोनं मार्ग काढला. दुकानाच्या मागं आमचं घर, ती शिलाई करते. तिनं चहा आणला, सगळी हकिगत ऐकली आणि सरळ त्यांचा डावा हात आपल्या हातात घेऊन टेपनं मोजायला लागली. माझ्याकडून इतके दिवस जे झालं नव्हतं, ते तिनं कप ठेवता ठेवता केलं. ती म्हणाली, "मामा, दोन बोटांची एकच पिशवी करते. लवचीक कापडाची. शिवण वरून घेते, आत काहीच ठेवत नाही."

"जमंल का, माय?"

"ब्लाउजच्या बाह्यांपेक्षा सोपं आहे."

जवळजवळ जमलेली तीच जोडी, एक माप मोठी. डाव्याची दोन बोटं कापून एक पिशवी, बाहेरच्या कडेला जास्तीची मऊ पट्टी, सगळे टाके बाहेरून. मोजा दिसायला ओबडधोबड झाला. ते स्टुलावर पंधरा मिनिटं बसले, काढला, उजेडात हात धरला, मलाही दाखवला. कुठंही लाल नव्हतं. पुन्हा घातला, आणखी अर्धा तास बसले. मग म्हणाले, "ह्याला म्हणायचं माप." आणि माझ्या बायकोला सांगितलं, आणखी एक जोडी करून ठेव, फाटणार हाय.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर डोंगरात गेलो. त्यांचा रस्ता कसा आहे ते बघावं, ब्रेक नीट लावून द्यावेत, असा माझा बेत होता. डोंगरकड्याहून वर चढलो. मी चाळिशीच्या आतला, रोज सायकली हाताळणारा, आणि दुसऱ्या चढालाच उतरून सायकल ढकलायला लागलो. ते पुढं एका लयीत पायडल मारत होते. मागं न बघता म्हणायचे, "या हळूहळू. डोंगर कुठं जाऊन न्हाई राहिला."

उतारावर मुरूम सुटलेला होता. त्यांचं पुढचं चाक घसरलं आणि ते हातांवर आपटले. मी घाबरून ब्रेक दाबला आणि मीही पडलो.

"लागलं का, मामा?" मी विचारलं.

"बघावं लागंल," ते म्हणाले.

हे उत्तर मी विसरलेलो नाही. आपण पडलो की लागलं का ते आपल्याला कळतं. ते दगडावर बसले, दोन्ही मोजे काढले, पाणी ओतून हात धुतले आणि एकेक बोट, एकेक बेचकं फिरवून पाहिलं. उजव्या मोज्याचा तळवा फाटला होता, आतली पट्टी फाटली होती, कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. हातमोजे विकणारा मी, घरून मोजे न घालता आलो होतो. दोन्ही तळवे सोलवटून निघाले होते, त्यात खडे रुतले होते.

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, पाणी घातलं, शाबूत असलेल्या बोटांच्या चिमटीत धरून एकेक खडा काढला. पिशवीतून मलम आणि पट्टी काढली. बांधताना विचारलं, "दुखून राहिलं का?"

"खूप."

"चांगलं हाय," ते म्हणाले. "दुखू द्या."

वस्ती दिसायला लागल्यावर त्यांनी मोजे काढून हँडलला बांधले आणि मोकळ्या हातांनी आत गेले. चार-पाच घरं, मेंढ्यांचा वाडा, एक कडुनिंब. एक तिशीतली बाई भाकरी करत होती. आम्हाला पाहून तिनं उजवा हात पदराखाली घेतला. तिची सासू म्हणाली, "तिला काही न्हाई झालं. चुलीवर भाजलं."

"कवा भाजलं?" त्यांनी विचारलं.

बाईला सांगता येईना. भाजलं तेव्हा कळलं नव्हतं, फोड दिसल्यावर कळलं. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकानं हाताला स्पर्श करून विचारलं, कुठं लागतंय ते बोट ठेवून दाखव. मनगटावर तिनं बरोबर दाखवलं. करंगळीवर दोनदा टोक टेकवलं, ती डोळे मिटून वाट बघत राहिली.

"काम करून करून बधिर झालाय," ती म्हणाली.

त्यांनी आपला डावा हात तिच्यासमोर चुलीच्या उजेडात धरला. "मी बी असंच म्हणत व्हतो. दोन वर्सं म्हणत राहिलो, तवर बोटं वळली. तुमची सरळ हायेत, बाई. आता गोळ्या चालू केल्या तर सरळच राहतील."

"गावात कळलं तर काढून देतील मला."

"मला कोणी काढलं न्हाई. मीच लपून बसलो व्हतो."

ती दवाखान्यात आली नाही. पुढच्या आठवड्यात मामा दुकानात आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "न्हाई म्हणली." मग? "मंग काय, पुन्हा जातो." त्याच्या पुढच्या आठवड्यातही न्हाई म्हणली. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं कुत्रं सोडलं, तेव्हा ते कुत्रं शांत होईपर्यंत कडुनिंबाखाली सायकल टेकवून उभे राहिले आणि मग नवऱ्यालाही हात दाखवला. पाचव्या फेरीला सासूच सुनेला घेऊन डोंगर उतरली. वर्षभर गोळ्या झाल्या. बोटं सरळ राहिली, आणि थोडं कळायलाही लागलं, असं ते मला सांगत होते, तेव्हा पहिल्यांदाच ते मोजे घालून बघायचं विसरून नुसतेच स्टुलावर बसले होते.

माझ्या बायकोनं त्यांना चार जोड्या शिवून दिल्या. चौथी त्यांनी फार वापरली नाही. गेल्या उन्हाळ्यात, हळद शिजवायच्या दिवसांत ते कुरुंद्याला घरी गेले होते. कढईजवळ काम करता करता छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला दोन दिवसांनी कळलं. घरी गेलो तर अंगणात हळद वाळत पडलेली आणि त्यांची तिन्ही मुलं, नातवंडं, धड हातापायांची माणसं, दाराशी बसलेली. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमीच का ते शेठ?"

पावसाळा संपल्यावर मी एकटाच त्या वस्तीवर गेलो. कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. ती बाई शेळीची धार काढत होती. मला तिनं ओळखलं आणि माझ्या मागच्या वाटेकडं पाहिलं. "मामा कवा येतेत?" तिनं विचारलं. "लई दिस झाले."

मी सांगितलं. तिनं धार पूर्ण काढली, भांडं झाकून सासूकडं दिलं. मग उठली.

"पल्याडच्या माळावर तीन घरं हायेत," ती म्हणाली. "तिथल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर चट्टा हाय, मी मागल्या महिन्यात बघितला. मामाला दाखवणार व्हते. दवाखान्यात यायला तयार न्हाई तो."

"मग?"

"मंग मीच जाते की. मला कोण न्हाई म्हणतंय?"

तिनं पदर खोचला, डोक्याला फडकं बांधलं आणि मला यायचं का म्हणून विचारलंही नाही. ओढा उतरून पलीकडचा चढ ती भराभरा चढत गेली. मी सायकल तिथंच टाकली आणि तिच्या मागं निघालो.